पाहुणी नको, रोजची प्रयोगशाळा हवी

२९ एप्रिल १९८५ रोजी फ्लोरिडातून उडालेल्या ‘चॅलेंजर’ यानाच्या उघड्या मालकक्षात एक भारतीय उपकरण बसवलेले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील, म्हणजे टीआयएफआरमधील, सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभे केले होते. त्याचे नाव ‘अनुराधा’. त्याच्या आदल्याच वर्षी राकेश शर्मा सोव्हिएत स्थानकावर राहून आले होते आणि त्यांचे नाव घराघरांत पोहोचले होते. अनुराधाचे नाव मात्र आज विज्ञानाच्या पदवीधरांपैकीही थोड्यांनाच सांगता येईल.

या उपकरणात प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांच्या थप्प्या होत्या. प्लॅस्टिक होते सीआर-३९ जातीचे. चष्म्याच्या ‘काचा’ म्हणून आपण जे डोळ्यांवर घालतो ते बहुधा हेच. अवकाशातून येणारे एखादे जड अणुकेंद्रक त्यातून आरपार गेले की वाटेतली रचना मोडते, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. यान परतल्यावर हे पत्रे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवायचे. जखमी झालेला भाग बाकीच्यापेक्षा लवकर विरघळतो आणि तिथे निमुळता खळगा तयार होतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा आणि खळग्याच्या आकारावरून केंद्रक कोणते, किती ऊर्जेचे हे ठरवायचे. पण ते आले केव्हा? त्यासाठी या मंडळींनी झकास युक्ती केली होती. एक थप्पी स्थिर आणि तिच्याखालची सावकाश फिरणारी. वरच्या आणि खालच्या खुणांमध्ये जेवढा सरक, तेवढी वेळ. वेळ कळली की यान तेव्हा पृथ्वीच्या कुठल्या भागावर होते ते कळते, त्यावरून तिथले चुंबकीय क्षेत्र, आणि त्या क्षेत्रातून हा कण आत शिरू शकला म्हणजे त्याच्यावर विद्युतभार किती असू शकेल याचा अंदाज. फिरते प्लॅस्टिक, कॉस्टिक सोडा आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर विश्वकिरणांचे कूळ शोधायचा हा प्रयत्न होता.

त्याच यानात, दाबयुक्त कक्षात, युरोपने बांधलेली ‘स्पेसलॅब’ ही प्रयोगशाळा होती. तिथली कथा वेगळी. टेलर वँग हे चिनी वंशाचे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आपला स्वतःचा प्रयोग करायला वर गेले होते. ध्वनिलहरींच्या आधाराने द्रवाचा थेंब अधांतरी धरायचा आणि तो कसा डुलतो, फिरतो, तुटतो ते पाहायचे. यंत्र सुरू केले आणि ते बंदच पडले. वेळापत्रक भरगच्च, दुरुस्तीला सवड नाही. दुरुस्ती करू दिली नाही तर मी परत येणारच नाही, असे वँग यांनी जमिनीवरच्या लोकांना सुनावले. अखेर परवानगी मिळाली. अर्धेअधिक अंग त्या कपाटात घालून त्यांनी बिघाड शोधला, जोडणी बदलली आणि प्रयोग पुरा केला. (याच उड्डाणात दोन माकडे आणि २४ उंदीरही होते. पिंजऱ्यांतून सुटलेली विष्ठा तरंगत थेट वैमानिक बसतात तिथवर पोहोचली. मोहिमेच्या कमांडरने त्यावर काय ऐकवले असेल याची कल्पना करायला फार बुद्धी लागत नाही.)

हा जुना इतिहास आज उगाळायचा तो अशासाठी, की भारत आता स्वतःचे अवकाश स्थानक बांधायला निघाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘भारतीय अंतरिक्ष स्थानका’च्या पहिल्या भागाला मंजुरी दिली. तो २०२८ मध्ये सोडायचा आणि २०३५ पर्यंत स्थानक पुरे करायचे, असे ठरले आहे. माणूस अवकाशात नेण्याच्या गगनयान कार्यक्रमाची वाढीव तरतूद २०,१९३ कोटी रुपयांची, आणि हा पहिला भाग त्यातच धरलेला आहे. चर्चा होते ती रॉकेट कोणते, भाग किती, चीनच्या किती मागे, अशी. आत काय करायचे याची चर्चा त्या मानाने नगण्य. स्थानक बांधू नये असे म्हणणारे आहेत, त्यांच्या मुद्द्याकडे पुढे येऊच. पण बांधायचेच ठरले असेल, तर ते प्रयोगशाळा म्हणून बांधले पाहिजे, आणि प्रयोगशाळा म्हणजे जिथे काम रोज चालते ती जागा. आपल्याला हीच सवय नाही.

पुरावा हवा तर अनुराधानंतरची वर्षे पाहावीत. १० जानेवारी २००७ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून ‘एसआरई-१’ ही साडेपाचशे किलोची कुपी कक्षेत सोडली आणि बारा दिवसांनी, २२ जानेवारीला, बंगालच्या उपसागरात अलगद उतरवली. कक्षेत पाठवलेली वस्तू सुखरूप परत आणण्याची भारताची ती पहिलीच वेळ. तिच्यात दोन प्रयोग होते. एका छोट्या भट्टीत मिश्रधातू वितळवून गोठवायचे, तर दुसऱ्यात हाडांत सापडणाऱ्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक बनवायचे. म्हणजे लहान का होईना, जाऊन परत येणारी प्रयोगशाळा आपल्या हाती आली होती. तिची धाकटी बहीण ‘एसआरई-२’ कागदावर होती, ती उडालीच नाही. दरवर्षी अशी एक कुपी सोडली असती, तर भारहीनतेत काम केलेल्या धातुशास्त्रज्ञांची आणि जीवशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी आज देशात असती.

मग थेट २०२५. अंतराळवीर शुभांशु शुक्ला ‘अ‍ॅक्सिअम-४’ मोहिमेतून २६ जूनला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचले आणि १४ जुलैला निघाले. या मोहिमेवर भारताने सुमारे ५५० कोटी रुपये खर्चले. त्यांच्याकडे भारतीय संस्थांचे सात प्रयोग होते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे आणि तिथल्याच आयआयटीचे मूग आणि मेथी, बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेच्या स्नायुपेशी, भारतीय विज्ञान संस्थेचे ‘पाणअस्वल’ म्हणून ओळखले जाणारे चिवट सूक्ष्मजीव, शिवाय सूक्ष्मशैवाल आणि पिकांचे बियाणे. काचेच्या बशीत मुगाला मोड आणायचे, ठरल्या वेळी ते शीतकपाटात गोठवायचे, खाली आणून त्यांच्यातली जनुके आणि पोषणमूल्य तपासायचे. घरोघरी रात्री फडक्यात बांधून सकाळी जे होते तेच, फक्त मोडाला खाली कुठे आणि वर कुठे हे सांगणारे गुरुत्वाकर्षण नसताना. प्रयोग चांगले होते. पण ते आपण दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या कपाटात, दुसऱ्याने दिलेल्या तासांत केले. पाहुण्याला दोन दिवस ओसरी मिळते. स्वयंपाकघराच्या किल्ल्या मिळत नाहीत.

किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांचा अनुभव काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय स्थानकावर मोठ्या प्रयोगशाळा मोजक्या आहेत. अमेरिकेची ‘डेस्टिनी’ २००१ मध्ये गेली, युरोपची ‘कोलंबस’ आणि जपानची ‘किबो’ २००८ मध्ये, तर रशियाची ‘नाउका’ २०२१ मध्ये. बाहेरून पाहिले तर ही नळकांडी. कोलंबस जेमतेम सात मीटर लांब आणि साडेचार मीटर व्यासाचे, किबोचा मुख्य कक्ष सव्वाअकरा मीटर लांब. आत चारी बाजूंना, म्हणजे भिंतींवर, छतावर आणि जमिनीतसुद्धा, फ्रिजएवढी कपाटे. त्यांना ‘रॅक’ म्हणतात. खरी प्रयोगशाळा म्हणजे हे रॅक. प्रत्येकाला वीज, थंड पाण्याची नळी, डेटाची तार, लागेल तिथे निर्वात नळी आणि नायट्रोजन. माप ठरलेले. त्यामुळे एक काढून दुसरा बसवता येतो, आणि जर्मनीतल्या ब्रेमेनचा संशोधक असो की जपानमधल्या त्सुकुबाचा, आपली पेटी कशी बांधायची हे त्याला वर्षानुवर्षे आधी माहीत असते. अवकाशात काम करण्याची लोकशाही या कंटाळवाण्या मापांच्या कागदातून येते.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के ते तिथेही असते. स्थानक आणि त्यातले सगळे सतत एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. पण ही अवस्थाही नाजूक. अंतराळवीर ट्रेडमिलवर धावू लागला की सारा सांगाडा थरथरतो आणि शेजारच्या कपाटातल्या संवेदनशील प्रयोगाची शांतता भंगते. म्हणून काही रॅकना कंपने शोषणारी खास बैठक द्यावी लागते. माणूस हवा, आणि माणसाचा त्रासही नको, अशी ही अडचण.

एवढ्या उठाठेवीतून मिळते काय, हा प्रश्न रास्तच. उत्तरादाखल एक उदाहरण पुरे. डेस्टिनीमध्ये ज्वलनाच्या अभ्यासाचा एक रॅक आहे. जमिनीवर गरम हवा वर जाते म्हणून मेणबत्तीची ज्योत लांबुळकी आणि पिवळी दिसते. वर ती गोल आणि निळसर होते. २००९ पासून तिथे हेप्टेन या इंधनाचे थेंब पेटवून यानातली आग विझते कशी हे तपासले जात होते. थेंब पेटला, ज्योत विझली. पण मोजमापे सांगत होती की थेंब अजून आक्रसतोच आहे, जणू जळतोच आहे. दिसत तर काहीच नव्हते. संशोधकांना आधी ते पटेना. निघाली ती ‘थंड ज्योत’. नेहमीची ज्योत १,५०० ते २,००० केल्विनची, तर ही ५०० ते ८०० केल्विनची आणि डोळ्यांना न दिसणारी. जमिनीवर अशी ज्योत क्षणभरच टिकते, इथे ती कितीतरी सेकंद टिकून राहिली. इंजिनात इंधन कसे पेट घेते हे समजण्यासाठी या रसायनशास्त्राचा उपयोग आहे. विचारला होता आग विझवण्याचा प्रश्न, मिळाले वेगळेच. आणि ते मिळाले, कारण एकामागून एक थेंब पेटवायला, तेच ते पुन्हा करायला तिथे वेळ होता. अठरा दिवसांच्या पाहुणचारात असे काही हाती लागणे म्हणजे निव्वळ मटका.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अवकाशात केले म्हणून कुठलाही प्रयोग आपोआप मोठा होत नाही. स्थानकांवर आजवर झालेले बरेचसे काम मध्यम दर्जाचे आहे, आणि काही तर निव्वळ छायाचित्रापुरते. काही सेकंदांची भारहीनता पुरत असेल तर जर्मनीत ब्रेमेनला १४६ मीटरचा मनोरा आहे, त्यातून पेटी खाली सोडली की पावणेपाच सेकंद मिळतात. असे काम कक्षेत नेणे म्हणजे सरकारी तिजोरीवर दरोडाच. गरीब देशाने हे थेर का करावेत, असे विचारणाऱ्यांचा राग इथे समजण्यासारखा आहे. प्रयोग निवडताना ‘हे जमिनीवर अजिबातच होत नाही का?’ हा प्रश्न निर्दयपणे विचारला गेला, तरच त्या रागाला उत्तर देता येईल.

मोठ्यांनीही चुका केल्या आहेत, आणि त्या आपल्याला फुकटात शिकता येतील. वर झालेला बदल भारहीनतेमुळे झाला की किरणोत्सर्गामुळे, की उड्डाणाच्या हादऱ्यामुळे, हे ठरवायचे तर स्थानकावरच कृत्रिम गुरुत्वाकर्षण देणारे फिरते यंत्र हवे. अर्धे नमुने त्यात, अर्धे बाहेर, मग तुलना. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी अडीच मीटर व्यासाच्या अशा यंत्राचा स्वतंत्र कक्ष जपान बांधत होता. २००५ मध्ये खर्चाच्या कात्रीत तो रद्द झाला. कक्षाचे कवच आज त्सुकुबाच्या अवकाश केंद्रात उघड्यावर प्रदर्शनात ठेवलेले आहे. त्यानंतर कोलंबस आणि किबोमध्ये लहान फिरती यंत्रे बसली आणि जपानने त्यात उंदीरही ठेवले. पण जीवशास्त्रज्ञांनी सर्वाधिक मागितलेली गोष्ट सर्वांत आधी कापली गेली, हे खरेच. सौर पंख आणि यांत्रिक बाहू कोणी कापत नाही, ते दिसतात ना.

दुसरी चूक वेळेची. कोलंबसाच्या अमेरिका-प्रवासाला पाचशे वर्षे पुरी होणार म्हणून युरोपने आपला कक्ष १९९२ साठी योजला होता, तो गेला सोळा वर्षे उशिरा. नाउकाचे बांधकाम १९९५ मध्ये सुरू झाले. २००७ मध्ये उडायचे ते २०२१ मध्ये उडाले, आणि जोडले गेल्यावर काही तासांतच त्याची इंजिने आपसूक पेटून त्यांनी अख्खे स्थानक दीड फेरी उलटेपालटे केले. आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर कक्षेतून उतरवायचे ठरले आहे. म्हणजे नाउका या प्रयोगशाळेच्या वाट्याला दहा वर्षेही येणार नाहीत. तिच्यासाठी प्रयोग आखलेले संशोधक निवृत्त झाले असतील.

तिसरी गोष्ट तासांची. २००९ मध्ये स्थानकावर सहा जण राहू लागले, तेव्हा अमेरिकी बाजूचे संशोधनाचे उद्दिष्ट होते आठवड्याला ३५ तास. प्रत्येकाचे नव्हे, त्या बाजूच्या सगळ्यांचे मिळून. बाकीचा वेळ कशात जातो? हाडे आणि स्नायू झिजू नयेत म्हणून रोज दोन-अडीच तास व्यायाम, मग शौचालयाची दुरुस्ती, पंखे, गाळण्या, सामानाची मोजदाद. घर चालवण्यातच दिवस मावळतो हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. आपले स्थानक लहान असेल, राहणारे कमी असतील, म्हणजे संशोधनाचे तास आणखी तुटपुंजे. तेव्हा कुठले काम यंत्राने आपोआप होईल आणि कुठे वँग यांच्यासारखा माणूस लागेल, याची विभागणी आराखड्यातच व्हायला हवी.

चीनचे उदाहरण चीन म्हणून नव्हे, तर कामाची पद्धत म्हणून पाहावे. जुलै २०२२ मध्ये ‘वेंतियान’ ही प्रयोगशाळा कक्षेत गेली. त्याच महिन्यात तिथे भाताचे बी रुजत घातले आणि १२० दिवसांत ते पुन्हा बियाण्यापर्यंत वाढवून डिसेंबरमध्ये नमुने खाली आणले. प्रयोगशाळा जाण्याआधीच प्रयोग तयार होता. शिवाय चीनने संयुक्त राष्ट्रांमार्फत जगभरातून प्रस्ताव मागवले होते. २०१९ मध्ये निवडल्या गेलेल्या नऊ प्रयोगांत बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा एक होता. म्हणजे आपले लोक दुसऱ्याच्या स्पर्धेत टिकतात. त्यांना घरची स्पर्धा मिळाली पाहिजे.

आणि तिची तयारी करायला २०२८ ची वाट पाहायचीही गरज नाही. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा पूर्वी काम झाले की कचरा म्हणून फिरत राहायचा. इस्रोने त्यालाच प्रयोगांचा मंच बनवले, तो ‘पोएम’. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्यावर २४ उपकरणे होती. बंद पेटीत चवळीच्या आठ बिया होत्या. चौथ्या दिवशी त्यांना मोड आले. मुंबईच्या, पनवेलजवळ असलेल्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. स्वस्त आणि चपळ व्यवस्था आहे ही. तिच्यातली उणीव एकच: गेले ते परत येत नाही. कॅमेरा आणि मापके जे सांगतील तेच खरे. मोड कापून त्यातले जनुक पाहायचे तर नमुना हातात यावा लागतो, आणि तिथे पुन्हा आठवण होते ती एसआरईची. गगनयानसाठी परतीची कुपी, उष्णतारोधक कवच, समुद्रातून उचलण्याची यंत्रणा हे सगळे उभे राहतेच आहे. माणसाशिवायची एक लहान आवृत्ती दरवर्षी ठरल्या महिन्यात सोडली, तर स्थानक उभे राहीपर्यंत देशातल्या डझनभर विभागांचे हात सरावलेले असतील.

महाराष्ट्राने यात बघ्याची भूमिका का घ्यावी हेही कळत नाही. धारवाडचे कृषी विद्यापीठ मूग अवकाशात पाठवू शकते, तर राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत ज्वारी, तूर, भातावर आयुष्य घालवलेले लोक आहेत. पुण्यात पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. कुलाब्यात तर चाळीस वर्षांपूर्वीच हे करून झाले आहे. अडचण बुद्धीची नाही. पाच वर्षांनी कदाचित उडेल, कदाचित नाही, अशा प्रयोगासाठी कोणता प्राध्यापक आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे भवितव्य पणाला लावील? तारीख पक्की, माप पक्के, जमिनीवरच्या तयारीचा आणि परतल्यावरच्या विश्लेषणाचा पैसा पक्का, एवढे दिसले तर प्रस्तावांची रांग लागेल. अनुराधाचे खरे काम यान उतरल्यावरच सुरू झाले होते, सूक्ष्मदर्शकाखाली. त्या कामाला टाळ्या नसतात आणि बहुधा अनुदानही तिथेच आटते.

म्हणून संसदेत पुढच्या वेळी स्थानकाचा विषय निघेल, तेव्हा आपल्या खासदारांनी ‘केव्हा उडणार?’ हा सोपा प्रश्न बाजूला ठेवावा. रॅकची मापे विद्यापीठांना कधी मिळणार, आठवड्याला किती तास संशोधनासाठी राखणार, वर्षाला किती किलो नमुने गोठवून खाली आणणार, आणि फिरत्या तुलना-यंत्राला आराखड्यात जागा आहे की नाही, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. पहिल्या भागाचा सांगाडा घडतो आहे तोवरच त्यांची उत्तरे बदलता येतील.